दुपारी बारापर्यंत

१२ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी लिहायला बसलो होतो. पण हो लिहू की नाही लिहू, इथेच गाडी अडली. रोज कागद काढायचा, तारीख घालायची आणि परत ठेवायचा. शेवटी तुझी मामी म्हणाली, "पत्र लिहिताय की इस्टेट वाटताय?"

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. तू हौशी लोकांना खिंडीपलीकडे बर्फात चालायला नेतेस. तिथे रस्ता नाही, वस्ती नाही, साधा फोन लागत नाही. तुझ्याजवळ एक उपग्रहाचा फोन असतो. त्यावरून तू रोज संध्याकाळी "ठीक" एवढाच शब्द धाडणार. तो शब्द घ्यायला शहरात एक माणूस लागतो. आधीचा घड्याळदुरुस्तीवाला मुलाकडे राहायला गेला म्हणून जागा रिकामी झाली, आणि ती तू मला देतेस. "मामा, तुम्ही नाहीतरी माझी काळजी करत बसलेलेच असता, तेच आता काम म्हणून करा," हे तुझं वाक्य मामीने शेजारच्या दोन घरांत वाचून दाखवलं.

आता माझं ऐक. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. जन्म गेला बस आगारात ब्रेक तपासण्यात. जरा शंका आली की गाडी परत आत. ड्रायव्हर मला "थांबा मास्तर" म्हणायचे, आणि तेही तोंडावर. माझ्या हाताखालून गेलेली गाडी कधी घसरली नाही हे खरं, पण ती वेळेवरही कधी सुटली नाही. असल्या माणसाला तू हे काम देतेस, तर पुढच्या गोष्टी आधी कळव. शब्द आला नाही तर काय करायचं? मी अंघोळीला असताना आला तर? "ठीक"च्या जागी भलतंच काही आलं तर? आणि एक खासगी विचारतो. घरी चांगली गादी असताना लोक पैसे भरून बर्फावर झोपायला का येतात? त्यांच्या घरचे त्यांना काही बोलत नाहीत का?

या सगळ्याची उत्तरं आली की मी हो म्हणेन असं वाटतं.

तुझा,
मामा


२० एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. तुमचं हो मी धरूनच चालले होते, त्यामुळे आमच्या सहलींच्या मालकीणबाईंना आधीच सांगून टाकलंय. आता मागे फिरू नका.

उत्तरं घ्या. अंघोळीला खुशाल जा, शब्द फोनमध्ये बसून राहतो, पळून जात नाही. "ठीक"च्या जागी "मदत" आलं तर लगेच बचाव पथकाला फोन करायचा, नंबर सोबत लिहिलाय. आणि संध्याकाळी काहीच आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत थांबायचं. ढग असतात, दरी खोल असते, बॅटरी गारठते. शंभर कारणांनी शब्द अडकतो आणि सकाळी सुटतो. बारापर्यंत आला नाही तर मात्र पथकाला फोन करायचा. नियम एवढाच आहे. घड्याळदुरुस्तीवाल्यांनी तो पाठ केला होता, तुम्ही भिंतीवर लावा.

लोक का येतात ते मलाही पूर्ण कळलेलं नाही. पण निघण्याआधी मी प्रत्येकाला समोर बसवून सांगते की मी तुम्हाला काहीही कबूल करत नाही. जी वाट ठरवलीय ती बंद असू शकते. हिमनदी दिसेलच असं नाही. पडाल, भिजाल, अडकून बसाल, आणि मदत यायला एक दिवसही लागू शकतो. हे चालत असेल तरच पुढे चला. या वेळी एक जोडपं खरंच इथूनच परत गेलं. मला बरं वाटलं. डोंगरात जाऊन कळण्यापेक्षा इथे कळलेलं चांगलं.

जे उरले त्यात एक दंतवैद्य आहेत, तुमच्याच शहरातले, मोठ्या बाजारामागे दवाखाना आहे. ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी सकाळी मी कोणाची दाढ काढणार आहे हे मला आज माहीत असतं. एक आठवडा तरी मला काहीच माहीत नको." मला हे उत्तर आवडलं. तुम्हाला आवडणार नाही.

पुढच्या आठवड्यात निघतोय. फोन खिडकीत ठेवा, तुमच्या घरात तिथेच आवाज येतो.

तुमची,
भिंगरी


९ मे

ती. मामा,

नमस्कार. आमच्याकडे हेलिकॉप्टर येऊन गेलं.

झालं ते सांगते. नदीवरचा बर्फ फुटला होता, म्हणून मी वाट बदलली आणि एका अरुंद दरीतून सगळ्यांना नेलं. दरीतून आकाश दिसत नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी शब्द गेला नाही. सकाळी उघड्यावर आल्याबरोबर मी "ठीक" पाठवलं. तो तुम्हाला मिळालाही असेल, पण तोवर तुम्ही पथकाला फोन केला होता आणि हेलिकॉप्टर निघालंही होतं. मी विचारलं तर पथकप्रमुख म्हणाले, "सकाळी साडेसहाला फोन आला. म्हातारे गृहस्थ होते, रडत होते."

ते उतरले तेव्हा आम्ही दगडावर मोजे वाळत घातले होते. दंतवैद्यांनी त्यांना चहा विचारला. तो त्यांनी घेतला नाही.

मामा, पथकाकडे हेलिकॉप्टर एकच आहे. ते आमच्या मोज्यांपाशी उभं असताना दुसरीकडे कोणी पडलं असतं तर त्याला काहीच मिळालं नसतं. मालकीणबाईंनी आम्हाला सगळ्यांना परत बोलावलं. हिमनदी कुणालाच बघायला मिळाली नाही. दंतवैद्य चांगले म्हणून "जूनमध्ये परत येतो" म्हणाले. आणि पथकाने लेखी कळवलंय की पुन्हा विनाकारण बोलावलं तर खिंडीपलीकडे गट न्यायची माझी परवानगी जाईल. हे काम सोडून मला दुसरं काही येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही माझ्यावरच्या मायेनं केलंत. पण एक लक्षात ठेवा. तुम्हाला भीती वाटते म्हणून आम्हाला काही होत नसतं. तुमची भीती तुमच्या खिडकीतली आहे, तिला इथलं काही दिसत नाही. ती आली की तिचं ऐकू नका.

जूनच्या गटालाही तुम्हीच असावं असं मी मालकीणबाईंना म्हटलंय. त्या सहज तयार झाल्या नाहीत.

भिंगरी


१७ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मामीने आधी मला झापलं, मग तुला झापलं, मग म्हणाली की झापण्यासारखं दोघांनीही केलेलं नाही, पण पोरीचं काम गेलं तर ती मला घराबाहेर काढेल.

पथकप्रमुखांना सांग, मी रडत नव्हतो. सर्दी झाली होती.

तुझं वाक्य मी नीट ध्यानात घेतलंय. "भीती आली की तिचं ऐकू नका." खरं आहे. माझं आयुष्य तिचं ऐकण्यात गेलं. तुझ्या आईला पोहायला जाऊ दिलं नाही, आमच्या थोरल्याला दुचाकी घेऊ दिली नाही, आणि घाट चढायचा म्हणून मी स्वतःच्याच आगारातल्या बसमध्ये बसलो नाही. आणि झालं काय? सगळे पोहले, सगळ्यांनी गाड्या घेतल्या, आणि आज सगळे धडधाकट आहेत. म्हणजे माझी भीती एकदाही खरी निघाली नाही. एवढी खोटी निघालेली दुसरी वस्तू असती तर मी ती केव्हाच भंगारात घातली असती.

मी आता सवय करतोय. गॅस बंद आहे की नाही बघायला परत आत जात नाही. मामी रस्ता ओलांडते तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघतो. ती पलीकडे पोचली का हेही बघत नाही. मामी म्हणते, "मी गाडीखाली आले तरी तुम्ही दुकानाच्या पाट्याच वाचत बसणार का?" तिला कळत नाही, हा सराव आहे.

जूनमध्ये तुझ्यावर शिंतोडा उडेल असं माझ्याकडून काही होणार नाही. कानाला खडा लावलाय. दंतवैद्यांना हिमनदी नीट दाखव.

तुझा,
मामा


४ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. हे पत्र मी खिडकीपाशी बसून लिहितोय. लिहीत राहिलं म्हणजे हात फोनकडे जात नाही.

काल संध्याकाळी तुझा शब्द आला नाही. मी म्हटलं, दरी असेल. जेवलो, झोपलोही थोडा. सकाळी नाही आला. म्हटलं, ढग असतील. मामी बहिणीकडे गेलीय. जाताना म्हणाली, "बाराला बघा हं." मी म्हटलं, बघतो.

आता बारा वाजून गेलेत. शब्द नाही.

मागच्या वेळी माझ्या छातीत जसं धडधडत होतं तसंच अगदी आत्ता धडधडतंय. हीच ती भीती, मी ओळखतो तिला. मागच्या वेळी ती खोटी होती आणि तू दगडावर मोजे वाळत घालत होतीस. आजही तू कुठेतरी मोजे वाळत घालत असशील आणि मी हेलिकॉप्टर धाडीन. मग तुझं काम जाईल, आणि मामाने घालवलं असं तू कधी बोलणार नाहीस, पण मला ते तुझ्या चेहऱ्यावर दिसेल.

दोन वाजले. बॅटरी गारठली असेल. तू लिहिलं होतंस, शंभर कारणं असतात.

तीन वाजले. खालच्या रस्त्यावर पाण्याचा पाइप फुटलाय, दोन माणसं खणतायत. मी त्यांच्याकडे बघत बसलोय. तुला खरं सांगतो, आज मला स्वतःचा थोडा अभिमान वाटतोय. एवढा वेळ मी आयुष्यात कधी कळ काढली नव्हती.

पाच वाजून गेलेत. मामी आत्ता आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत तिने.

"शब्द आला?"

"नाही."

"बाराला फोन केलात ना?"

मी म्हटलं, मी घाबरलो नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे.

"तिने तुम्हाला घाबरू नका सांगितलं होतं," ती म्हणाली. "घड्याळ बघू नका असं कुठे सांगितलं होतं?"

मी उठतो. फोन करतो.


११ जून

ती. मामा,

नमस्कार. तुमचं ४ तारखेचं पत्र मला इथे रुग्णालयात मिळालं. ते तुम्ही नंतरही पोस्टात टाकलंत, फाडलं नाहीत. मी फाडलं असतं.

मी ठीक आहे. गुडघ्याला मुका मार आहे, एवढंच. बाकीचे तिघे घरी गेले. दंतवैद्यांचा पाय घोट्याच्या वर मोडलाय आणि पायाची दोन बोटं काढावी लागली.

३ तारखेला दुपारी ते बर्फ फुटून खालच्या ओढ्यात पडले. बर्फ पक्का दिसत होता. मी स्वतः दहा पावलं आधी त्याच्यावरूनच गेले होते. त्यांना ओढून काढायला मी पाण्यात उतरले. फोन माझ्या कमरेला होता, तो तिथेच संपला. तंबू लावला, पाय बांधला, त्यांना आमच्या मधे झोपवलं. खिंड तिथून दोन दिवसांवर आणि बर्फ असा फसवा, म्हणून कुणाला चालत धाडलं नाही. धाडायची गरजही वाटली नाही. उद्या बाराला मामा फोन करतील, दोनपर्यंत ते येतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसं मी सगळ्यांना सांगितलं. दंतवैद्य म्हणाले, "तो गृहस्थ? तो तर आत्ताच फोन करून मोकळा झाला असेल." सगळे हसले, तेही हसले.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. बाराला मी म्हटलं, आता करतील. एकला परत म्हटलं. तीनला मी काही म्हटलं नाही. पाचनंतर ढग उतरले. पथक म्हणतं तुमचा फोन त्यानंतर आला, आणि तेव्हा त्यांना उडता येईना. ते ५ तारखेला सकाळी आले. डॉक्टर म्हणतात, दुसरी रात्र झाली नसती तर बोटं बहुतेक वाचली असती.

मी हे लपवून लिहू शकले असते, पण तुम्ही दंतवैद्यांच्याच शहरात राहता.

आता माझं. "भीतीचं ऐकू नका" हे मी रागात लिहिलं. लिहायचं होतं ते एवढंच की बारापर्यंत थांबा. ते मी आधीच्या पत्रात लिहिलं होतं म्हणून परत लिहिलं नाही. ज्या माणसाला आम्ही सगळे घाबरट म्हणून आयुष्यभर चिडवत आलो, तो माझं बोलणं इतकं मनावर घेईल हे माझ्या लक्षात आलं नाही. डोंगरात काय होईल सांगता येत नाही, हे मी सगळ्यांना समोर बसवून सांगते. घरी बसलेल्या माणसाचंही सांगता येत नाही, हे मात्र मी धरलंच नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर दंतवैद्य शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "मी जोखीम पत्करली होती ती डोंगराची. तुझ्या मामाची नाही." ते चेष्टेत बोलत होते की रागात, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

माझी परवानगी राहिली. मालकीणबाईंनी संपर्काचा माणूस कोण ते माझ्यावर सोडलंय. जुलैच्या मध्यावर पुढचा गट आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही. खोटं बोलून तुम्हाला बरं वाटू देण्यापेक्षा हे सांगितलेलं चांगलं.

मामींना नमस्कार.

भिंगरी


३० जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पुन्हा उशीर झाला. या वेळी अडून बसलो नव्हतो. आधी एक काम उरकायचं होतं.

मी दंतवैद्यांकडे जाऊन आलो. ते घरी आल्याचं कळलं तेव्हापासून चार दिवस त्यांच्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. पाचव्या दिवशी मामी बरोबर आली आणि मला पुढे घालून वर गेली. ते कुबडी घेऊन बसले होते. पेशंट घेत नाहीत अजून, पण घरी करमत नाही म्हणून दवाखाना उघडतात. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मला त्यांनी दात काढायच्या खुर्चीत बसवलं. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं त्या खुर्चीत विसरलो.

तेच म्हणाले, "उशीर का केलात?"

मी म्हटलं, "भीती वाटली."

"भीती वाटली की लोक घाई करतात."

"मला घाई केल्याची भीती वाटत होती."

त्यांनी कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मी रागावलेलो आहे. बोटं माझी होती. तुम्ही माफी मागाल आणि मी लगेच दिली म्हणेन, असं होणार नाही." मी म्हटलं, "मागायलाच आलोय, न्यायला नाही आलो." त्यावर मामीने मला कोपर मारलं, पण ते हसले. मग त्यांनी विचारलं, तुमची भाची सांगते तसं बाराला खरंच छातीत धडधडत होतं का? मी म्हटलं, हो. "तुमच्या भीतीला त्या दिवशी बरोबर कळलं होतं की," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही डॉक्टर. तिला काही कळत नाही. ती मागच्या वेळीही तशीच धडधडली होती. ती धडधडली काय, न धडधडली काय, बारा वाजले होते, एवढंच मला बघायचं होतं."

हे मी त्यांच्यासमोर बोललो तेव्हाच मला नीट समजलं. घरी पंधरा दिवस डोकं धरून बसलो होतो तेव्हा समजलं नव्हतं.

मग मी त्यांना विचारलं, पुन्हा जाल का? म्हणाले, पाय जुळला की पुढच्या वर्षी. त्यांची बायको सोबतीला आली होती, ती आतून म्हणाली, "जातात कसे ते बघते." ते म्हणाले, "बघ, इथेही काही नक्की नाही." मी विचारलं, तेव्हा फोनवर मी असलेला चालेल का? म्हणाले, "हो असंही म्हणणार नाही, नको असंही म्हणणार नाही. ते तुमच्या भाचीनं ठरवायचं. मी तिच्यामागून चालतो." निघताना मात्र त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं आणि डावीकडची दाढ दाखवून म्हणाले, ही काढावी लागेल. किती दिवस टाळताय? मी म्हटलं, बरेच. पुढच्या गुरुवारी सकाळी बोलावलंय. सुरुवात माझ्यापासून करणार आहेत.

आता तुझं. मी तुला गळ घालणार नाही. मला जमेल अशी खात्रीही देत नाही, तशी खात्री तू कुणालाच देत नाहीस. मी काय करीन ते सांगतो. संध्याकाळी शब्द नाही आला तर मी घाबरेन. रात्रभर घाबरेन, तू काहीही लिहिलंस तरी. सकाळी मामीला छळेन. बाराला एक मिनिट कमी असताना फोन उचलणार नाही आणि बारा वाजले की खाली ठेवणार नाही. मग तू मोजे वाळत घालत असलीस तरी चालेल. तुझी परवानगी गेली तर माझ्यामुळे नाही, नियमामुळे गेली असं म्हणू. मामी घरी असो वा नसो, मी हे करीन. आणि ती म्हणते की तुझ्या सहली असतील तेव्हा ती बहिणीकडे जाणार नाही.

तू दुसरा माणूस घेतलास तरी मी समजेन. दोन बोटांची गोष्ट आहे, मी ती लहान करत नाही. फक्त त्याला तो कागद भिंतीवर लावायला सांग. आणि त्याला रागात काही लिहू नकोस.

मामी म्हणते तू हो म्हणशील. मी म्हणतो नाही. आमची पैज लागलीय, हरणाऱ्याने महिनाभर पहाटे उठून चहा करायचा. जन्मात पहिल्यांदा मला पैज हरावीशी वाटतेय. तुझ्या मनात काय आहे याचा इथून काही अंदाज येत नाही, आणि पोस्टमन आमच्या गल्लीत कधी येईल त्याचाही काही नेम राहिलेला नाही. हो असो की नाही, दोन ओळी लिही, पण लवकर कळव.

तुझा,
मामा